सांगितलं, म्हणून बदललं!

तुमच्या घरात किंवा शेजारी सहावी-सातवीतलं कुणी आहे का? असेल तर हा लेख त्या पोरासाठी आहे, पण वाचायचा तुम्ही. कारण शाळेत कुणी त्रास देत असेल, तर त्या वयातली मुलं आई-बाबांना पटकन सांगत नाहीत. शिक्षकांना तर नाहीच नाही. सांगितलंच तर ताईला किंवा दादाला सांगतात. आणि आपण काय करतो? दुर्लक्ष कर म्हणतो आणि पुन्हा मोबाइलमध्ये डोकं घालतो.

मीही हेच केलंय. माझा मावसभाऊ सातवीत आहे. वर्गातली चार मुलं त्याचा डबा लपवतात आणि त्याला एका भलत्याच नावाने हाक मारतात, हे त्याने मला दिवाळीच्या आधीच सांगितलं होतं. ते नाव ऐकून मी चक्क हसलो. दोन महिन्यांनी त्याने शाळा बदलायचा हट्ट धरला, तेव्हा माझी ट्यूब पेटली.

त्याच सुमारास कॉलेजच्या एका असाइनमेंटसाठी मी ७ नोव्हेंबरबद्दल वाचत होतो. महाराष्ट्रात हा दिवस विद्यार्थी दिन म्हणून पाळतात, हे तुम्हाला माहीत असेल. १९०० साली याच तारखेला भीमराव आंबेडकर सातार्‍याच्या सरकारी शाळेत इंग्रजी पहिलीत दाखल झाले. आपल्याला फोटोतले बाबासाहेब माहीत असतात : कोट, टाय, हातात पुस्तक. मी मात्र त्या वर्गातल्या नऊ वर्षांच्या मुलापाशीच अडकलो.

जन्म १४ एप्रिल १८९१ चा, महूचा. वडील रामजी लष्करात सुभेदार होते. निवृत्तीनंतर ते आधी दापोलीला आणि मग सातार्‍याला आले. आई लवकर गेली. शाळेत भीमरावांनी वर्गाच्या कोपर्‍यात वेगळं बसायचं, तेही घरून आणलेल्या तरटावर. शाळा झाडणारा नोकर त्या तरटाला हात लावायचा नाही, म्हणून संध्याकाळी ते गुंडाळून घरी न्यायचं आणि सकाळी परत आणायचं. तहान लागली तर शिक्षकांची परवानगी काढायची आणि शिपाई येऊन नळ सोडेल तेव्हाच पाणी प्यायचं. शिपाई नसला तर तहानलेलंच राहायचं. गावातला न्हावी केस कापायला तयार नसायचा, त्यामुळे हे काम मोठी बहीण घरीच करायची.

याला नुसतं बुलिंग म्हणालो, तर ते फारच सौम्य होईल. चार व्रात्य पोरांची ही दादागिरी नव्हती. अख्खी व्यवस्थाच पाठीशी घेऊन केलेला तो अन्याय होता. पण त्या मुलाच्या मनात तेव्हा काय होतं, ते आजच्या मुलांशी जुळतं. जग असंच असतं, असं त्यांना वाटायचं. हे सगळं त्यांना माहीत होतं आणि अंगवळणीही पडलं होतं.

मग १९०१ ची उन्हाळी सुट्टी आली. वडील तेव्हा खटाव तालुक्यात दुष्काळी कामावर रोखपाल होते. त्यांनी मुलांना भेटायला बोलावलं. भीमराव, त्यांचा भाऊ आणि भाचे नवे कपडे, नव्या टोप्या घालून मसूर स्टेशनवर उतरले. पत्र वडिलांच्या हातात वेळेवर पडलं नव्हतं, त्यामुळे न्यायला कुणी आलं नव्हतं. स्टेशनमास्तरने प्रेमाने चौकशी केली. मुलांनी जात खरी सांगितली आणि त्याचा चेहराच बदलला. कुणी गाडीवान न्यायला तयार होईना. शेवटी दुप्पट भाडं ठरलं, त्यातही बैल मुलांनीच हाकायचे आणि गाडीवान बाजूने चालणार! बरोबर डबा होता, पण वाटेत कुणी पाणी दिलं नाही. मुलांनी ती रात्र उपाशीच काढली. या प्रवासाचा धक्का त्यांना आयुष्यभर विसरता आला नाही. तोवर अंगवळणी पडलेली गोष्ट त्या दिवसापासून त्यांना खुपायला लागली.

पुढे मुंबईत एल्फिन्स्टन हायस्कूल. चरित्रकार तिथला एक प्रसंग सांगतात. शिक्षकांनी गणित सोडवायला त्यांना फळ्यापाशी बोलावलं आणि वर्गात एकच गोंधळ उडाला. मुलांचे डबे फळ्यामागे ठेवलेले होते. भीमराव पोचायच्या आत ते उचलायला पोरं धावली. हे वाचताना मला माझ्या भावाचा लपवलेला डबा आठवला आणि आपण हसलो होतो, हेही.

शिकून मोठं झालं की त्रास आपोआप थांबतो, असं आपल्याला वाटतं. तसं झालं नाही. बडोद्याच्या शिष्यवृत्तीवर ते १९१३ मध्ये न्यूयॉर्कच्या कोलंबिया विद्यापीठात गेले, एम.ए. झाले, मग लंडन स्कूल ऑफ इकॉनॉमिक्समध्ये शिकले. १९१७ मध्ये बडोद्यात नोकरीवर रुजू झाले, तर राहायला खोली मिळेना. ओळख लपवून ते एका पारशी विश्रामगृहात उतरले. अकराव्या दिवशी काठ्या घेतलेला जमाव दारात उभा राहिला. मित्रांनीही घरात घेतलं नाही. परदेशात शिकून आलेला तो माणूस मुंबईच्या गाडीची वेळ होईपर्यंत एका बागेत आई-वडिलांची आठवण काढत बसून राहिला.

आता पुढचं नीट वाचा. सातार्‍यात तक्रार करायला त्यांना जागाच नव्हती. मोठेपणी त्यांनी ती जागा स्वतः तयार केली. १९१९ मध्ये मताधिकाराचा विचार करणार्‍या साउथबरो समितीपुढे त्यांनी साक्ष दिली. ३१ जानेवारी १९२० ला ‘मूकनायक’ सुरू केलं. ज्यांना बोलू दिलं जात नाही त्यांचं पत्र, असं नावातच स्पष्ट होतं. २० मार्च १९२७ ला महाडच्या चवदार तळ्याचं पाणी ते हजारो लोकांसह प्यायले. तळं खासगी आहे, असा दावा विरोधकांनी कोर्टात लावला. बाबासाहेब तो नेटाने लढले आणि १९३७ मध्ये मुंबई उच्च न्यायालयाचा निकाल त्यांच्या बाजूने लागला. पुरी दहा वर्षं! नळाला हात लावू न दिलेल्या त्या मुलाने पुढे देशाच्या राज्यघटनेचा मसुदा करणार्‍या समितीचं अध्यक्षपद भूषवलं. त्या घटनेच्या पंधराव्या कलमात विहिरी आणि तळ्यांचा उल्लेख आहे, तर सतरावं कलम अस्पृश्यताच नष्ट करतं. ६ डिसेंबर १९५६ ला ते गेले. ती कलमं आजही लागू आहेत.

मला सगळ्यात जास्त शिकवलं ते त्यांच्या एका छोट्या पुस्तकाने. ‘वेटिंग फॉर अ व्हिसा’ त्यांनी १९३५-३६ च्या सुमारास लिहिलं, छापलं गेलं १९९० मध्ये. तरट, नळ, मसूर, बडोदा हे सगळं त्यात आहे. इतरांवर गुदरलेले प्रसंगही आहेत. मोठमोठी विशेषणं फारशी नाहीत. कुठे घडलं, कधी घडलं, कोण होतं, काय केलं, हे सरळ सांगितलंय. आम्हाला पत्रकारितेच्या पहिल्या वर्षात बातमी अशीच लिहायला शिकवतात. तक्रारही अशीच लिहायची असते. सगळे मला त्रास देतात, या वाक्यावर शिक्षक फार काही करू शकत नाहीत. मंगळवारी मधल्या सुट्टीत, मागच्या बाकावर, अमक्याने डबा फेकला आणि तमक्याने पाहिलं, असं लिहिलं की कुणालातरी उत्तर द्यावंच लागतं.

बाबासाहेबांना जे मिळालं नाही ते आज आहे. वर्गशिक्षक आहेत, मुख्याध्यापक आहेत, मुलांसाठी १०९८ ही हेल्पलाइन आहे. आपल्या कॉलेजांसाठी तर १९९९ पासून महाराष्ट्रात रॅगिंगविरोधी कायदा आहे. तक्रार आल्यावर संस्थाप्रमुखांना सात दिवसांत चौकशी करावी लागते. टाळाटाळ केली तर तेही दोषी धरले जातात. चिठ्ठी लिहून देणारा भित्रा किंवा चुगलखोर ठरत नाही, हे शाळकरी पोरांना कुणीतरी सांगायला हवं. ते काम आपलं आहे.

मी आणि माझा भाऊ एका रविवारी बसलो आणि एक पान लिहिलं. तारीख, जागा, नावं. मावशीने ते वर्गशिक्षिकेला नेऊन दिलं. एका दिवसात सगळं सुटलं, असं अजिबात नाही. ते नाव अजूनही कधीतरी ऐकू येतं, असं तो म्हणतो. पण आता डबा खाताना बाई वर्गात थांबतात आणि शाळा बदलायचा विषय त्याने पुन्हा काढलेला नाही.

आज रात्री एवढंच करा. घरातल्या छोट्याला किंवा छोटीला विचारा, आज डबा कुणाबरोबर खाल्लास? आणि उत्तर पूर्ण होईपर्यंत मोबाइल बाजूला ठेवा. तेवढं माझ्याकडून राहिलं होतं.