मायकेल डेव्हिट
मायकेल डेव्हिट (२५ मार्च १८४६ – ३० मे १९०६) हे कुळांच्या हक्कांसाठी लढणारे आयरिश नेते, पत्रकार व ब्रिटिश संसदेचे सदस्य होते. १८७९ साली स्थापन झालेल्या आयरिश नॅशनल लँड लीगचे ते मुख्य संघटक होत.

सुरुवातीचे जीवन

डेव्हिट यांचा जन्म मेयो परगण्यातील स्ट्रेड या गावी महादुष्काळाच्या काळात झाला. खंड थकल्यामुळे १८५० मध्ये जमीनदाराने कुटुंबाला घराबाहेर काढले. अनाथ-निराधारांच्या सरकारी आश्रयगृहात मुलाला आईपासून वेगळे ठेवण्याचा नियम होता; तो आईने मानला नाही आणि कुटुंबाने इंग्लंडमधील हॅस्लिंग्डनची वाट धरली. तेथील कापड गिरणीत वयाच्या अकराव्या वर्षी यंत्रात सापडून डेव्हिट यांचा उजवा हात गेला. पुढे ते फेनियन या गुप्त क्रांतिकारी संघटनेत सामील झाले. शस्त्रे पुरवल्याच्या आरोपावरून १८७० मध्ये त्यांना १५ वर्षांची सक्तमजुरी झाली. १८७७ च्या डिसेंबरात सशर्त सुटका झाली.

जमीन चळवळ

त्या काळी बहुतेक आयरिश कुळांची वहिवाट वर्षावर्षाची असे. कुळाने बांध घातला, जमीन सुधारली की खंड वाढण्याचीच भीती. १८७० च्या कायद्याने सुधारणांची भरपाई मान्य केली होती, पण खंड थकलेल्या कुळाला बेदखल होण्यापासून संरक्षण नव्हते. पिके बुडाल्यावर ही उणीव उघडी पडली.

२० एप्रिल १८७९ रोजी आयरिशटाउन येथे कुळांची मोठी सभा झाली. तिच्या आयोजनात डेव्हिट यांचा मोठा वाटा होता, जरी ते स्वतः सभेस हजर नव्हते. ज्या जमिनीवरून वाद पेटला तिचा कारभार एका कॅथलिक धर्मगुरूकडे होता, त्यामुळे भांडण केवळ इंग्रज विरुद्ध आयरिश असे उरत नाही. ऑक्टोबरमध्ये डब्लिन येथे लँड लीग स्थापन झाली व चार्ल्स स्ट्यूअर्ट पार्नेल अध्यक्ष झाले. रास्त खंड, ताब्याची शाश्वती आणि वहिवाटीचा हक्क विकण्याची मोकळीक या तिच्या मागण्या होत्या. १८८० मध्ये कॅप्टन बॉयकॉट या जमीनदाराच्या कारभाऱ्याशी गावाने सर्व व्यवहार तोडले. ‘बॉयकॉट’ हा शब्द तेथूनच रूढ झाला.

१८८१ च्या जमीन कायद्याने या मागण्या बऱ्याच अंशी मान्य झाल्या. खंड न्यायालयामार्फत १५ वर्षांसाठी ठरू लागला. मात्र थकबाकीदार व मुदतीच्या पट्ट्याने जमीन कसणारे, म्हणजे ज्यांतील अनेकांना संरक्षणाची निकड होती तेच, वगळले गेले. कायदा झाला तेव्हा डेव्हिट पुन्हा तुरुंगात होते.

मतभेद व उत्तरायुष्य

१८८२ नंतर डेव्हिट जमिनीच्या राष्ट्रीयीकरणाचा पुरस्कार करू लागले. कुळाला मालक केले तर उद्या तोच जमीनदार होईल, अशी त्यांची धारणा होती. पार्नेल व बहुसंख्य कुळांना हे पटले नाही. सरकारी कर्जातून कुळांना जमीन विकत घेऊ देणाऱ्या १९०३ च्या कायद्यालाही, जमीनदारांना अवाजवी किंमत मिळते म्हणून, त्यांनी विरोध केला. चळवळीचे सर्वांत मोठे यश तिच्या संस्थापकाला मान्य नव्हते, असे म्हणता येईल.

दादाभाई नौरोजी यांना आयर्लंडमधील मतदारसंघातून संसदेत पाठवावे, ही सूचनाही डेव्हिट यांचीच. पार्नेल यांनी ती उचलली नाही. बोअर युद्धाच्या निषेधार्थ १८९९ मध्ये त्यांनी खासदारकी सोडली. ‘द फॉल ऑफ फ्यूडॅलिझम इन आयर्लंड’ हा त्यांचा ग्रंथ १९०४ साली प्रसिद्ध झाला. डब्लिन येथे निधन झाल्यावर त्यांचे दफन स्ट्रेड येथे करण्यात आले.