काळ्या मातीचा माणूस

आमच्या सिव्हिलच्या लॅबमध्ये माती म्हणजे चाळण्या, ओव्हन आणि लिक्विड लिमिट. वरचा काळा, कुजलेल्या पाल्याचा थर बांधकामाला चालत नाही, म्हणून साइटवर आधी तोच खरवडून टाकतात. त्या 'निरुपयोगी' थरासाठी एका माणसाने अख्खं आयुष्य घालवलं. वासिली दोकुचाएव. मृदाशास्त्राचा जनक म्हणतात त्याला.

जन्म १८४६ चा, रशियातल्या स्मोलेन्स्क प्रांतात, मिल्युकोवो नावाच्या खेड्यात. वडील गावचे धर्मगुरू, त्यामुळे मुलगाही त्याच लाइनला जाणार हे ठरलेलं. पण सेंट पीटर्सबर्गच्या धर्मविद्यापीठात दाखल झाल्यावर थोड्याच काळात त्याने ते सोडलं आणि सायन्सला अॅडमिशन घेतली. (घरी काय झालं असेल ते हॉस्टेलवाल्यांना सांगायला नको!)

१८७३ आणि १८७५ साली रशियात दुष्काळ पडला. सगळ्या देशाला धान्य पुरवणाऱ्या काळ्या जमिनीचा, म्हणजे चेर्नोझेमचा, नीट अभ्यास करायचं काम १८७७ मध्ये त्याच्याकडे आलं. पुढची काही वर्षं तो हजारो किलोमीटर फिरला आणि खड्डे खणत गेला. तोवर माती म्हणजे खडकाचा भुगा असाच समज होता. काही जण तर चेर्नोझेमला जुन्या समुद्राचा गाळ म्हणत. १८८३ च्या आपल्या ग्रंथात त्याने एक नकाशा दिला. आपण सर्व्हेला कॉन्टूर काढतो ना, तसे त्यात ह्यूमसच्या टक्क्यांचे पट्टे होते. मध्ये सर्वांत जास्त आणि दोन्हीकडे कमी कमी होत जाणारे.

असं का? वायव्येला थंड, ओलं जंगल. तिथे पाला वरच पडतो आणि पाणी जमीन धुऊन काढतं. आग्नेयेला इतकं कोरडं की गवतच विरळ. मधल्या स्टेपमध्ये मात्र गवताची मुळं खोल जातात, मरतात, आणि कडक हिवाळा व कोरडा उन्हाळा त्यांच्या कुजण्याला वर्षातून दोनदा ब्रेक लावतो. साठा वाढत जातो. आपली विदर्भ-मराठवाड्यातली काळी रेगूर दिसायला तशीच, पण आपल्या उष्णतेत ह्यूमस टिकत नाही. तिचा काळेपणा ह्यूमसच्या भरपूर साठ्यामुळे आलेला नाही.

१८९१ मध्ये पुन्हा भयंकर दुष्काळ. त्याने स्टेपवर पुस्तक लिहिलं, त्याच्या विक्रीचे पैसे दुष्काळग्रस्तांना दिले आणि वोरोनेझ भागात वारा अडवणारे झाडांचे पट्टे लावायला घेतले.

मला सगळ्यात भारी वाटतो तो कॉकेशस पर्वताचा भाग. १८९७ मध्ये त्याची पत्नी आन्ना वारली. तो स्वतःही आजारीच होता. तरी १८९८ ला निघाला. त्याचा तर्क साधा होता : हवामान माती घडवतं, आणि डोंगर चढताना हवामान बदलतं. मग उत्तरेकडे शेकडो किलोमीटर गेल्यावर जे मातीचे पट्टे लागतात, तसे डोंगरावर थोड्याच चढणीत एकावर एक सापडायला हवेत. आधी कागदावर मांडलं, मग जाऊन पाहिलं. आणि सापडले! पायथ्याला कोरड्या मैदानाची फिकट माती, वर काळी, मग जंगलाची, आणि त्याहून वर गवताळ कुरणांची. या कुरणांत गारठ्यामुळे कुजणं इतकं हळू होतं की मुळांचा जाड, गडद थर साचतो. आणखी वर मात्र झाडोराच नाही, मग साचणार काय? म्हणजे नुसतं 'उंच तितकं जास्त' असं नाही. किती उगवतं आणि किती कुजतं, या दोन्हींचा हिशोब.

१९०० पर्यंत तो कॉकेशसला जात राहिला. मग आजाराने त्याला पुरतं घेरलं. १९०३ मध्ये, ५७ व्या वर्षी तो गेला. त्याने अभ्यासलेली माती आपल्यासारखी चाळून ठेवलेली नव्हती. थरांसकट, जशी जमिनीत होती तशी होती.