शंभर तासांचा पाऊस

माझे लहानपण लासुर्ण्यात गेले. बारामतीहून इंदापूरकडे जाताना हे गाव लागते. रस्त्यावरून पाहणाऱ्याला ते उसाचे, सधन गाव वाटते, आणि नीरा डाव्या कालव्याच्या खालच्या अंगाला ते तसे आहेही. आमची जमीन मात्र वरच्या अंगाला, माळावर. कालव्याचे पाणी डोळ्यांना दिसायचे, पण चढून आमच्यापर्यंत कधी आले नाही. १९७२ च्या दुष्काळात घरातली थोरली माणसे खडी फोडायला गेली आणि आम्हा पोरांनी सुकडी खाल्ली, मिलोच्या तांबड्या भाकरीला नाके मुरडली.

त्यानंतरच्या पावसाळ्यात बारामतीच्या बाजूला ढगांमधून एक विमान घिरट्या घालू लागले. आमच्या घरात त्यावरून दोन तट पडले. आजोबांचे ठाम मत, की हे विमान ढग पळवून लावते. वडिलांना कुठून तरी कळले होते, की सरकार वरून मीठ टाकून पाऊस पाडते आहे. आजोबा त्यावर हसले आणि कुदळ घेऊन शेताच्या ताली नीट करायला गेले. ताली म्हणजे उतारावरची माती आणि पाणी अडवणारे बांध. मी शाळकरी पोरगा, अर्थातच वडिलांच्या बाजूचा.

पुढे बँकेत अधिकारी झालो, पीककर्जाच्या निमित्ताने पावसाचे आकडे चाळू लागलो, तेव्हा त्या विमानाची हकीकत समजली. पुण्याच्या भारतीय उष्णदेशीय हवामानशास्त्र संस्थेने अहमदनगर-बारामती परिसरात १९७३ पासून १९८६ पर्यंत, मधली काही वर्षे वगळून, अकरा पावसाळे हा प्रयोग केला. विमान डाकोटा जातीचे होते. मीठ आणि शंखजिऱ्याची भुकटी दहास एक या प्रमाणात मिसळून ते ढगात सोडत असे. मजेची गोष्ट अशी, की आज कोणत्या भागावर मीठ टाकायचे हे चिठ्ठी टाकल्यासारखे ठरत असे. गरज कोणाला अधिक, हे पाहायचे नाही, कारण तसे पाहिले तर मिठाने पाऊस वाढला की तो आपोआपच पडणार होता, हे कधी कळणार नाही. अकरा वर्षांच्या हिशेबात मीठ टाकलेल्या भागात सुमारे २४ टक्के पाऊस जास्त भरला. तेवढ्यासाठी अकरा वर्षे थांबण्याची ही चिकाटी मला थक्क करून गेली, आणि अशी शिस्त रुजवणाऱ्या संस्थेचा पहिला संचालक कोण, म्हणून मी शोध घेतला. नाव निघाले पिशारोथ राम पिशारोटी.

पिशारोटींचा जन्म १० फेब्रुवारी १९०९ चा, केरळातल्या पालघाटजवळच्या कोल्लेंगोडचा. भौतिकशास्त्र शिकून त्यांनी काही वर्षे महाविद्यालयात अध्यापन केले. सुटीत इतर प्राध्यापक गावी जात, तेव्हा हे बंगळूरला सी. व्ही. रामन यांच्या प्रयोगशाळेत जाऊन काम करीत. १९४२ मध्ये ते हवामान खात्यात रुजू झाले. खात्याने पुढे त्यांना कॅलिफोर्नियाला पाठवले. तिथला हवामानशास्त्र विभाग नॉर्वेच्या याकोब बर्कनेस यांनी उभारलेला. ध्रुवाकडची थंड हवा आणि दक्षिणेची उबदार हवा जिथे भिडते, तिथे वादळे जन्मतात, हे जगाला शिकवणाऱ्यांपैकी ते एक. वातावरणाच्या गतिज ऊर्जेवर प्रबंध लिहून पिशारोटी १९५४ मध्ये डॉक्टर झाले.

परत येऊन ते आपल्या मोसमी पावसाकडे वळले. बंगालच्या उपसागरातून कमी दाबाचा पट्टा पश्चिमेकडे सरकू लागला, की सर्वात जोराचा पाऊस त्याच्या नैर्ऋत्येला पडतो, हे त्यांनी जी. सी. असनानी यांच्याबरोबर १९५७ मध्ये दाखवले. पुढे कुलाबा-अलिबागच्या भूचुंबकीय वेधशाळांचे संचालकपद त्यांच्याकडे आले आणि १९६२ मध्ये पुण्यातली नवी संस्था.

त्याच सुमारास हिंदी महासागराची मोठी आंतरराष्ट्रीय मोहीम चालू होती. जहाजे, फुगे आणि संशोधक विमाने अरबी समुद्रावर हवेतली वाफ मोजत होती. त्या मापांवरून पिशारोटींनी १९६५ मध्ये हिशेब मांडला, की आपल्या पावसाची बरीचशी वाफ अरबी समुद्राचीच आहे, विषुववृत्तापलीकडून येणारी त्या मानाने कमी. अधिक मापे हाती आल्यावर पुढच्या संशोधकांनी हा हिशेब दुरुस्त केला आणि दक्षिण गोलार्धाचा वाटा बराच मोठा ठरवला. मला यात त्यांचा कमीपणा वाटत नाही. ज्याची बेरीज तपासता येते असा हिशेब मांडणारा कारकून बँकेला केव्हाही परवडतो.

१९६७ मध्ये ते सरकारी नोकरीतून निवृत्त झाले. वय अठ्ठावन्न. त्या वयात माणूस भविष्य निर्वाह निधीची रक्कम कुठे गुंतवावी याची चौकशी करतो. पिशारोटी मात्र विक्रम साराभाईंच्या बोलावण्यावरून अहमदाबादला गेले आणि त्यांनी एक नवेच शास्त्र हाती घेतले. वस्तूला स्पर्श न करता, दुरून, तिच्याकडून येणाऱ्या किरणांवरून तिची प्रकृती ओळखायची, हे ते दूरसंवेदनाचे शास्त्र. सुरुवात त्यांनी आपल्या मुलखातल्या नारळापासून केली. केरळात मुळापासून माड सुकवणारा रोग पसरला होता. डोळ्यांना रोग दिसेपर्यंत फार उशीर झालेला असे. १९७० च्या सुमारास पिशारोटींच्या पथकाने हेलिकॉप्टरमधून, अवरक्त किरण टिपणाऱ्या फिल्मवर माडांच्या बागांची छायाचित्रे घेतली. निरोगी पान हे किरण भरपूर परत फेकते, आजारी पान कमी. त्यामुळे जमिनीवरून हिरवेगार दिसणारे काही माड छायाचित्रात फिके उमटले. भारतातल्या दूरसंवेदनाची ही सुरुवात मानतात, आणि पिशारोटींना त्याचे जनक. त्याच वर्षी त्यांना पद्मश्री मिळाली. १९७५ पर्यंत ते इस्रोतल्या या विभागाचे संचालक होते.

हेच शास्त्र पुढे उत्तर ध्रुवापर्यंत पोचले. तिथली अडचण आपल्याला गमतीची वाटेल. खाली बर्फ पांढरा, वर ढग पांढरे. साध्या छायाचित्रात कुठे ढग संपला आणि कुठे बर्फ सुरू झाला, ते उमगत नाही. त्यातून सहा महिन्यांची रात्र. म्हणून सूक्ष्मलहरी टिपणारी उपकरणे वापरतात. या लहरी ढगांतून बऱ्याचशा पार होतात, अंधाराची त्यांना अडचण नाही, आणि बर्फाकडून त्या वेगळ्या येतात, उघड्या पाण्याकडून वेगळ्या. उपग्रह जे सांगतो ते खरे की नाही, हे पाहायला विमाने ढगांतून आणि बर्फावरून उडतात. भारताने असे उपकरण १९७९ मध्ये ‘भास्कर’ उपग्रहावर आणि १९९९ मध्ये ‘ओशनसॅट’वर पाठवले. या दुसऱ्याच्या मापांवरून आपल्या शास्त्रज्ञांनी ध्रुवांजवळच्या समुद्री बर्फाचाही अभ्यास केला. पिशारोटी तेव्हा नव्वदीत होते. आज गोव्याच्या ध्रुवीय संशोधन केंद्रातली मंडळी उत्तरेकडचे बर्फ वितळण्याचा आपल्या मोसमी पावसाशी काय संबंध आहे, ते शोधत आहेत.

पण मला पिशारोटी आपले वाटतात ते त्यांच्या उतारवयातल्या एका साध्या मांडणीमुळे. वर्षाचे तास ८,७६०. भारतात बहुतेक ठिकाणी वर्षभराचा पाऊस त्यातल्या अवघ्या शंभरेक तासांत पडून जातो. निम्मा तर वीसेक तासांतच. तेव्हा पाऊस किती पडतो, यापेक्षा तो पडेल तिथे गावोगाव तळ्यांत साठवला जातो की नाही, हा खरा प्रश्न. आयुष्यभर आभाळाकडे पाहिलेला, हेलिकॉप्टर आणि उपग्रहांशी नाते जोडलेला हा माणूस शेवटी बोट दाखवतो ते जमिनीतल्या खड्ड्याकडे.

मी हे वाचले आणि खजील झालो. इंदापूरकडे वर्षाला पाचशे मिलिमीटरच्या आसपास पाऊस पडतो. म्हणजे एका एकरावर वीस लाख लिटर पाणी. हे गणित मला बोटांवर करता आले असते. पण नोकरीच्या काळात मी विहिरींसाठी कर्जे मंजूर केली, मग त्या आटल्यावर विंधन विहिरींसाठी, मग आणखी खोल विंधन विहिरींसाठी. प्रत्येक अर्ज पाणी उपसण्याचा. साठवण्यासाठी कर्ज द्यावे, असे माझ्या मनात एकदाही आले नाही. खात्यात भरणा शून्य आणि काढणे चालू, असे खातेदाराचे पासबुक दिसले असते तर मी त्याला बोलावून घेतले असते.

पिशारोटी २४ सप्टेंबर २००२ रोजी पुण्यात गेले. वय त्र्याण्णव. काही वर्षे आम्ही एकाच शहरात होतो आणि मला पत्ता नव्हता.

निवृत्तीनंतर मी लासुर्ण्याच्या माळावर गेलो. आजोबांच्या ताली फुटून गेल्या होत्या. आजोबांमागे त्या कोणीच सांभाळल्या नव्हत्या. विमानाबद्दल आजोबा चुकले होते, वडील आणि मी बरोबर होतो. पण त्या दिवशी कुदळ घेऊन निघाले होते ते आजोबा, आणि आम्ही दोघे आभाळाकडे बघत उभे होतो.

गेल्या उन्हाळ्यात ताली पुन्हा घातल्या आणि खालच्या कोपऱ्यात लहानसे शेततळे खोदले. पहिल्या मोठ्या सरीला मी छत्री घेऊन काठावर उभा राहिलो आणि घड्याळात पाहिले. पाऊण तास. शंभरातला तेवढा हिशेब यंदा जमा झाला.