डॉ. प्रफुल्लकुमार सेन

डॉ. प्रफुल्लकुमार सेन (१९१५–१९८२) हे जन्माने बंगाली. त्यांची कर्मभूमी मात्र मुंबईतील परळ. तेथील के. ई. एम. रुग्णालयात १६ फेब्रुवारी १९६८ रोजी त्यांनी मानवी हृदयाचे प्रत्यारोपण केले. केपटाऊन येथील बर्नार्ड यांच्या पहिल्या प्रयत्नास तेव्हा तीन महिनेही लोटले नव्हते. जगातील ही सहावी शस्त्रक्रिया होय. रोगी अवघे काही तास जगला. परकीय अवयवास शरीराने केलेला विरोध या अपयशाच्या मुळाशी असावा, असे सहज वाटते. पण ते यथार्थ नव्हे. परक्या ऊती ओळखून त्यांचा नाश करण्यास श्वेतपेशींना बहुधा काही दिवस लागतात. येथे फुप्फुसांच्या रक्तवाहिन्यांतील वाढलेला दाबच नव्या हृदयास पेलला नाही. प्रतिरोधाची खरी कसोटी लागण्यापूर्वीच सारे संपले होते. त्याच वर्षीचा दुसरा प्रयत्नही अल्पजीवी ठरला. सेन चित्रकारही होते, हे फारसे कोणी स्मरत नाही. प्रतिरोध आवरणारे सायक्लोस्पोरिन अमेरिकेत १९८३ साली संमत झाले, त्यांच्या निधनानंतर एका वर्षाने. मस्तिष्कमृत्यूस मान्यता देणारा कायदा संसदेने १९९४ साली केला, आणि त्याच वर्षी दिल्लीत वेणुगोपाल यांनी केलेले हृदयप्रत्यारोपण यशस्वी झाले.