आचार्य धर्मानंद कोसंबी : विद्यापीठापासून विहारापर्यंत

महाराष्ट्रातील बौद्ध समाज धम्मदीक्षेचे स्मरण करतो, तेव्हा १४ ऑक्टोबर १९५६ चा नागपूरचा सोहळा साहजिकच सर्वांच्या डोळ्यांसमोर उभा राहतो. त्या ऐतिहासिक दिवसाच्या अर्धशतक आधीपासून एक मराठी माणूस पाली भाषा आणि बुद्धविचार या भूमीत पुन्हा रुजविण्यासाठी एकाकीपणे झटत होता. ते होते आचार्य धर्मानंद दामोदर कोसंबी. ते प्राध्यापक होते, संशोधक होते. परंतु अध्यापनाची पदे बाजूला ठेवून कामगारांच्या वस्तीत राहावयास गेलेले समाजसेवकही होते. त्यांच्या जीवनाची ही बाजू आपल्या विद्यार्थ्यांनी विशेष जाणून घ्यावयास हवी.

धर्मानंदांचा जन्म ९ ऑक्टोबर १८७६ रोजी गोव्यातील साखवाळ या गावी झाला. पोर्तुगीज अंमलाखालील त्या खेड्यात शिक्षणाची सोय नव्हती. घरची नारळीची बाग सांभाळावी आणि मिळेल ते मराठी पुस्तक वाचावे, एवढाच त्यांचा विद्याभ्यास. अशा वाचनातच 'बालबोधमेवा' या मुलांच्या मासिकातील बुद्धाचे लहानसे चरित्र त्यांच्या हाती पडले आणि बुद्धाविषयी अधिक जाणून घेण्याची तळमळ त्यांच्या मनात कायमची घर करून बसली. लहान वयातच त्यांचा बाळाबाईंशी विवाह झाला होता. १८९९ मध्ये कन्या माणिक जन्मली आणि त्याच वर्षाच्या अखेरीस त्यांनी ज्ञानार्जनासाठी घर सोडले.

या गृहत्यागाची किंमत बाळाबाईंनी मोजली, हे सांगितल्याशिवाय धर्मानंदांचे चरित्र पूर्ण होत नाही. तान्ही मुलगी पदरी असताना सुमारे सात वर्षे त्यांनी पतीविना काढली. थोर पुरुषाच्या कीर्तीमागे त्याच्या घरातील स्त्रीचे कष्ट अनेकदा झाकले जातात. निदान आपण तरी त्यांचा विसर पडू देऊ नये.

पुढील प्रवास विलक्षण आहे. पुण्यास रामकृष्ण गोपाळ भांडारकर यांची भेट घेऊन धर्मानंद ग्वाल्हेरमार्गे काशीस पोहोचले. अन्नछत्रात जेवून, हालअपेष्टा सोसून त्यांनी संस्कृताचे अध्ययन केले. १९०२ मध्ये ते बौद्ध धर्माच्या शोधात नेपाळात गेले, परंतु तेथील धर्माची अवस्था पाहून त्यांची निराशा झाली. बोधगया आणि कलकत्ता करीत ते श्रीलंकेत पोहोचले व कोलंबोच्या विद्योदय विहारात सुमंगलाचार्यांच्या हाताखाली श्रामणेर होऊन पाली शिकू लागले. १९०४ मध्ये ब्रह्मदेशात त्यांनी भिक्षूची उपसंपदा घेतली. ज्याने शाळेची पायरीही नीट चढली नव्हती, त्या तरुणाने अवघ्या काही वर्षांत त्रिपिटकाच्या मूळ भाषेवर प्रभुत्व मिळविले.

१९०६ मध्ये ते कलकत्त्यास परतले, चीवर उतरविले आणि नॅशनल कॉलेजात व पुढे कलकत्ता विद्यापीठात पाली शिकवू लागले. येथेच त्यांच्या जीवनातील एक मोठा निर्णय झाला. विद्यापीठात दरमहा २५० रुपये वेतन मिळत होते. परंतु आपले ज्ञान महाराष्ट्राच्या उपयोगी पडावे, ही ओढ त्यांना स्वस्थ बसू देईना. बडोद्याचे सयाजीराव गायकवाड यांनी महाराष्ट्रात राहून ग्रंथलेखन करण्यासाठी दरमहा ५० रुपये देऊ केले, आणि धर्मानंदांनी कलकत्त्याची नोकरी सोडली. 'बुद्ध, धर्म आणि संघ', 'बुद्धलीलासारसंग्रह' यांसारख्या पुस्तकांतून सामान्य मराठी वाचकाला मूळ पाली आधारांवर उभे असलेले बुद्धचरित्र आपल्या भाषेत वाचावयास मिळाले.

१९१० मध्ये 'विसुद्धिमग्ग' या ग्रंथाच्या संपादनासाठी ते अमेरिकेतील हार्वर्ड विद्यापीठात गेले. हेन्री क्लार्क वॉरन यांच्या निधनाने हे काम अपुरे राहिले होते. संपादनाच्या श्रेयावरून प्राध्यापक लॅनमन यांच्याशी मतभेद झाले, तेव्हा विद्यापीठाच्या दबदब्यापुढे न झुकता ते परत आले. पुढे आणखी तीन वेळा हार्वर्डला जाऊन त्यांनी ते काम तडीस नेले. तो ग्रंथ मात्र त्यांच्या निधनानंतर, १९५० मध्ये, प्रसिद्ध झाला.

१९१२ ते १९१८ या काळात पुण्याच्या फर्ग्युसन महाविद्यालयात त्यांनी पालीचे अध्यापन केले. विद्यापीठाची कोणतीही पदवी नसलेला हा प्राध्यापक पदवीच्या विद्यार्थ्यांना घडवीत होता. बौद्ध धर्माच्या अडीच हजार वर्षांवरील सुप्रसिद्ध ग्रंथाचे संपादक पु. वि. बापट हे त्यांचेच विद्यार्थी. दुसऱ्या अमेरिका प्रवासात धर्मानंदांनी माणिक आणि दामोदर या मुलांना शिक्षणासाठी बरोबर नेले. हेच दामोदर पुढे गणितज्ञ आणि इतिहासकार म्हणून जगप्रसिद्ध झाले. त्यानंतर अहमदाबादचे गुजरात विद्यापीठ, रशियातील लेनिनग्राड आणि काशी येथेही धर्मानंदांनी विद्यादान व संशोधन केले.

परंतु ग्रंथालयातच रमणारे हे पंडित नव्हते. १९३० च्या मिठाच्या सत्याग्रहात ते शिरोडा येथे सहभागी झाले आणि त्यांनी कारावासही भोगला. अमेरिकेत व रशियात त्यांनी समाजवादाचा विचार जवळून पाहिला होता. बुद्धाची करुणा आणि श्रमिकांचा न्याय यांत त्यांना विरोध दिसत नव्हता. १९३५ मध्ये बाबासाहेबांनी येवल्यास धर्मांतराची घोषणा केली आणि अस्पृश्य समाजात नव्या मार्गाचा शोध सुरू झाला. याच काळात, १९३७ मध्ये, मुंबईतील परळच्या कामगार वस्तीत 'बहुजन विहार' उभा राहिला आणि साठी उलटलेले धर्मानंद तेथे वास्तव्यास गेले. जगातील नामांकित विद्यापीठांत मान मिळविलेल्या आचार्याने आपले उतारवय गिरणी कामगारांच्या आणि दलितांच्या शेजारी घालवावे, यातच त्यांच्या विद्येचा अर्थ स्पष्ट होतो.

त्यांचा 'भगवान बुद्ध' हा ग्रंथ आजही मार्गदर्शक आहे. वृद्ध, रोगी व मृत माणूस पाहून सिद्धार्थाने घर सोडले, ही रूढ कथा त्यांनी चिकित्सेविना स्वीकारली नाही. शाक्य आणि कोलिय यांच्यातील रोहिणी नदीच्या पाण्याचा कलह हे त्यांनी गृहत्यागामागचे महत्त्वाचे कारण मानले. बाबासाहेबांच्या 'बुद्ध आणि त्यांचा धम्म' या ग्रंथातही याच प्रसंगाला मध्यवर्ती स्थान आहे, हे आपल्या वाचकांना ठाऊक आहेच. श्रद्धेच्या विषयातही पुरावा तपासावा, ही शिस्त धर्मानंदांनी मराठी वाचकाला लावली. त्यापायी त्यांना टीकाही सोसावी लागली.

आयुष्याच्या अखेरीस शरीर व्याधींनी जर्जर झाले. आपला भार इतरांवर पडू नये या विचाराने त्यांनी अन्नत्यागाचा निश्चय केला. पार्श्वनाथांच्या चातुर्याम धर्माविषयी त्यांना आदर होता, त्या परंपरेची छाया या निर्णयावर होती. गांधीजींच्या विनंतीवरून त्यांनी एकदा हा निश्चय मागे घेतला; परंतु जून १९४७ मध्ये सेवाग्राम येथे उपोषणातच त्यांची प्राणज्योत मालवली. या मार्गाविषयी बौद्ध अनुयायांत मतभेद असू शकतात, आणि आजारी माणसाची सेवा हा समाजाला भार वाटू नये, हीच बुद्धाची शिकवण आहे. त्यांच्या निर्णयाचे अनुकरण न करताही त्यामागील निःस्पृहता आपण ओळखू शकतो.

आपल्या वसतिगृहात खेड्यापाड्यांतून, वाड्यावस्त्यांतून मुले येतात. घरी पुस्तके नाहीत, मार्ग दाखविणारे कोणी नाही, हे दुःख त्यांना परिचित असते. साखवाळच्या त्या तरुणाजवळही याहून अधिक काही नव्हते. मात्र शिकून मोठे झाल्यावर ते ज्ञान आपल्या लोकांकडे परत आणावे लागते, हे त्यांनी आचरणातून दाखविले. आज देशविदेशांत मानाच्या जागी पोहोचलेल्या आपल्या माजी विद्यार्थ्यांनी या गोष्टीचा अवश्य विचार करावा. अनेकांनी तो केला आहे, हे संस्थेचे भाग्य.

आचार्य धर्मानंद कोसंबी यांच्या पावन स्मृतीस विनम्र अभिवादन!