मारिया मिचेल
मारिया मिचेल (१ ऑगस्ट, १८१८ – २८ जून, १८८९) या अमेरिकन खगोलशास्त्रज्ञ व प्राध्यापिका होत्या. दुर्बिणीतून नवा धूमकेतू शोधल्यामुळे त्यांना जागतिक कीर्ती मिळाली. महाविद्यालयीन विद्यार्थिनींना प्रत्यक्ष संशोधनात सहभागी करून घेणाऱ्या आद्य शिक्षकांमध्ये त्यांची गणना होते.

बालपण व शिक्षण

मिचेल यांचा जन्म मॅसॅच्युसेट्स राज्यातील नॅनटकेट बेटावर क्वेकर कुटुंबात झाला. या पंथात मुलींच्या शिक्षणाला महत्त्व होते. वडील विल्यम मिचेल यांनी त्यांना आकाशनिरीक्षण शिकवले. १८३१ सालच्या सूर्यग्रहणाच्या वेळी, वयाच्या बाराव्या वर्षी, त्यांनी वडिलांना वेळेच्या नोंदी घेण्यास साहाय्य केले. पुढे नॅनटकेटच्या ग्रंथालयात त्या सुमारे वीस वर्षे ग्रंथपाल होत्या.

धूमकेतूचा शोध

१ ऑक्टोबर, १८४७ रोजी रात्री त्यांना एक नवा धूमकेतू दिसला. दोन दिवसांनी रोममध्ये फ्रान्चेस्को दे व्हिको यांनाही तो दिसला व त्यांचे वृत्त युरोपात आधी पोहोचले. मात्र मिचेल यांचा अग्रमान पुढे मान्य होऊन त्यांना डेन्मार्कच्या राजाचे सुवर्णपदक मिळाले. १८४८ साली त्या अमेरिकन अकादमी ऑफ आर्ट्स अँड सायन्सेसच्या पहिल्या महिला सदस्य झाल्या. १८४९ पासून त्यांनी नाविक पंचांगासाठी शुक्राच्या स्थानांचे गणित केले.

व्हासर महाविद्यालयातील अध्यापन

१८६५ साली न्यूयॉर्क राज्यातील व्हासर या महिला महाविद्यालयात त्यांची प्राध्यापकपदी नियुक्ती झाली. तेथील वेधशाळेत बारा इंची दुर्बीण होती आणि वेधशाळा हेच त्यांचे निवासस्थान होते. पाठांतरापेक्षा निरीक्षण व गणित यांवर त्यांचा भर असे. गुण देण्याची पद्धत त्यांना मान्य नव्हती. विद्यार्थिनी त्यांच्यासमवेत ग्रहांचे वेध घेत व सूर्यावरील डागांची छायाचित्रे काढत. १८६९ साली आयोवातील बर्लिंग्टन येथे व १८७८ साली कोलोरॅडोतील डेन्व्हर येथे खग्रास सूर्यग्रहणाच्या निरीक्षणासाठी त्या विद्यार्थिनींचे पथक घेऊन गेल्या.

कीर्ती असूनही त्यांचे वेतन पुरुष प्राध्यापकांपेक्षा बरेच कमी होते. १८७१ साली सहकारी प्राध्यापिका अलिडा एव्हरी यांच्यासह त्यांनी वेतनवाढीची मागणी केली व ती मान्य झाली. १८७३ साली स्थापन झालेल्या स्त्रियांच्या उन्नतीसाठीच्या संघटनेचे अध्यक्षपदही त्यांनी भूषविले.

विद्यार्थिनी

त्यांच्या विद्यार्थिनींपैकी एलेन स्वॅलो रिचर्ड्स या मॅसॅच्युसेट्स इन्स्टिट्यूट ऑफ टेक्नॉलॉजीत प्रवेश मिळालेल्या पहिल्या महिला ठरल्या. क्रिस्टीन लॅड-फ्रँकलिन यांनी तर्कशास्त्र व रंगदृष्टी या विषयांत कार्य केले. अँटोनिया मॉरी यांनी हार्वर्ड वेधशाळेत ताऱ्यांच्या वर्णपटांचे वर्गीकरण केले. १८८८ साली मिचेल निवृत्त झाल्यावर त्यांच्याच विद्यार्थिनी मेरी व्हिटनी यांनी वेधशाळेची धुरा सांभाळली.

निधन व स्मारके

मॅसॅच्युसेट्समधील लिन येथे त्यांचे निधन झाले. चंद्रावरील एका विवराला त्यांचे नाव देण्यात आले आहे. १९०२ साली नॅनटकेट येथे त्यांच्या स्मरणार्थ मारिया मिचेल असोसिएशन स्थापन झाली. ही संस्था पदवीच्या विद्यार्थ्यांना मार्गदर्शकांच्या देखरेखीखाली खगोलशास्त्रीय संशोधनाची संधी देते.