पुठ्ठ्याची गिटार बनवणारा सुतार: आंतोनिओ दे तोरेस

आजची क्लासिकल गिटार जशी दिसते, त्याचं बरंचसं श्रेय एका स्पॅनिश सुताराला जातं. आंतोनिओ दे तोरेस यांचा जन्म १८१७ मध्ये आल्मेरियाजवळ झाला. आधी सुतारकाम, मग सेव्हिल शहरात गिटारी.

अडचण काय होती? नुसती तार फारच कमी हवा हलवते. खरा आवाज येतो वरच्या फळीच्या कंपनातून. फळी जाड ठेवली तर आवाज दबतो, पातळ केली तर तारांच्या ताणाने ती वाकते. तोरेस यांनी फळी मोठी आणि पातळ केली आणि आतून पंख्यासारख्या सात पट्ट्या चिकटवल्या. अशा पट्ट्या आधीही वापरात होत्या, पण त्यांचा इतका नेमका मेळ तोरेस यांनी घातला.

मग १८६२ मध्ये त्यांनी एक भन्नाट प्रयोग केला. फळी नेहमीसारखी लाकडाची, पण पाठ आणि कडा चक्क पुठ्ठ्याच्या! आवाज मुख्यतः फळीच ठरवते, हे त्यांना दाखवायचं होतं. आपणही डीबगिंग करताना असाच एकेक भाग वेगळा काढून तपासतो ना? ती गिटार आज बार्सिलोनाच्या संगीत संग्रहालयात आहे.

एवढं करूनही पोट भरेना. १८७० च्या सुमारास आल्मेरियाला परतून त्यांनी काचेच्या आणि चिनी मातीच्या भांड्यांचं दुकान टाकलं. काही वर्षांनी फावल्या वेळात पुन्हा गिटारी सुरू केल्या, त्या १८९२ मध्ये मृत्यू येईपर्यंत.

त्यामुळे गिटार घेताना चकाकी नंतर बघा. आधी विचारा, वरची फळी अखंड लाकडाची आहे की प्लायवूडची?